तीनशे बाकांची समान डगमग

विद्यापीठात सुतार एकच. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत, आणि बायको चिडली की तीही मिस्त्रीच म्हणायची. परीक्षेच्या सभागृहातले तीनशे बाक त्यांनी सव्वीस वर्षांत इतक्यांदा उलटेपालटे केले होते, की डोळे बांधून हात फिरवला तरी बाकाचा नंबर सांगतील. बाक म्हणजे तशी साधीच चीज. वर लिहायला उतरती फळी, खाली चार गोल पाय, बसायला वेगळं स्टूल. यात भांडण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मिस्त्रींनाही तसंच वाटायचं. विद्यापीठात सव्वीस वर्षं काढून माणूस एवढा भाबडा कसा राहिला, देव जाणे.

तर झालं असं, की गेल्या वर्षी स्थापत्याच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे पूल आणि इमारती बांधायच्या शिक्षणाच्या परीक्षेत, दोनशे बारा नंबरच्या बाकावर एक उंचेला मुलगा बसला होता. जागा साठ, उमेदवार तीनशे, आणि हा पठ्ठ्या अर्ध्या गुणाने बरोबर एकसष्टावा आला. दुसऱ्या दिवशी त्याने तक्रार ठोकली. "माझा बाक हलत होता. मी एका हाताने फळी धरायची आणि दुसऱ्याने लिहायचं. बाकीचे दोन्ही हात मोकळे ठेवून लिहीत होते. मग सगळ्यांना समान संधी आहे असं माहितीपुस्तकात कशाला छापता?" तक्रारीतला शब्द न् शब्द खरा होता. तेव्हापासून सगळे त्याला दोनशेबारा म्हणू लागले.

तक्रार खरी निघाली, की विद्यापीठात समिती नेमतात. हिचं नाव समान संधी समिती. अध्यक्षस्थानी एक अनुभवी प्राध्यापिकाबाई, कुणावर अन्याय झालेला ऐकला तरी डोळ्यांत पाणी यायचं अशा. दुसरे संख्याशास्त्राचे प्राध्यापक, त्यांना पोरं आकडेमास्तर म्हणायची. आणि तिसरे कुलसचिव, म्हणजे विद्यापीठाचा सगळा कागद ज्यांच्या सहीने हलतो ते. तिघंही वाईट नव्हती हो. हेच तर दुखणं होतं. वाईट माणसाला निदान दोन शिव्या तरी घालता येतात.

मिस्त्रींना बैठकीला बोलावलं. ते कानामागे पेन्सिल लावून, टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"दोनशे बारा नंबरचा बाक हलतो का?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"हलतो बाई. मागचा डावा पाय आखूड आहे. दोन मिनिटांचं काम. खालून लाकडाची एक चकती ठोकतो, की झालं."

"आणि बाकीचे?"

"सगळे तपासले. एक्केचाळीस हलतात. एका दिवसात सगळे पक्के करून देतो."

मिस्त्रींना वाटलं, आता शाबासकी मिळणार. पण कुलसचिवांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"दुरुस्ती हा शब्द इथे काढू नका, मिस्त्री. आज दुरुस्त केला, याचा अर्थ काल नादुरुस्त होता. म्हणजे मागच्या वर्षीची परीक्षा चुकीची. त्याच्या मागच्या वर्षीचीही. उद्या सगळे निकाल कोर्टात उभे राहतील, आणि त्यांच्याशेजारी मी."

"शिवाय," अध्यक्षीणबाई हळव्या आवाजात म्हणाल्या, "हलणाऱ्या बाकावर बसून जी मुलं पास झाली, त्यांचं काय? त्यांनी सोसलं आणि पुढच्यांनी आरामात लिहायचं? हा कसला न्याय?"

आकडेमास्तरांनी फळ्यावर दोन रेघा ओढल्या. म्हणाले, "सगळे बाक सारखे करायचे तर मार्ग दोनच. एक तर कुठलाच हलायला नको, नाहीतर सगळे हलायला हवेत. पहिल्याला दुरुस्ती म्हणतात, ती करता येत नाही. दुसऱ्याला धोरण म्हणतात, ते आजही करता येईल."

मिस्त्रींनी आधाराला हात टेकला. समितीचं टेबल मात्र दगडासारखं पक्कं होतं. त्यांनीच बसवलेलं.

अशा तऱ्हेने समान डगमग धोरण मंजूर झालं. हलणाऱ्या एक्केचाळीस बाकांची सरासरी डगमग भरली चार मिलिमीटर, म्हणून प्रत्येक बाकाचा एक पाय चार मिलिमीटर आखूड करायचा ठरला. कोणता पाय, यावर तीन बैठका झाल्या. डावा कापला तर डावखुऱ्यांवर अन्याय, उजवा कापला तर बाकीच्यांवर. शेवटी प्रत्येक बाकासाठी चिठ्ठी टाकायची असं ठरलं, आणि कुलसचिव स्वतः तीनशे चिठ्ठ्या घड्या घालत बसले.

मिस्त्री घरी आले ते डोक्याला हात लावूनच.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल होतं आणि त्या टेबलाशी मिस्त्रींची एकुलती एक लेक अभ्यास करत होती. तिला घरात पाचर म्हणत. रांगत्या वयात कपाटाच्या फटीत, पलंगाच्या कोपऱ्यात, जिथे म्हणून जागा दिसेल तिथे ही जाऊन घट्ट बसायची आणि ओढून काढल्याशिवाय निघायची नाही, म्हणून बापाने ठेवलेलं नाव. पाचरला पूल बांधायचे होते. गेल्या वर्षी तिचा नंबर त्रेसष्टावा आला होता. ही परीक्षा जन्मात दोनदाच देता येते. म्हणजे यंदा झालं तर झालं, नाहीतर पूल राहिले आणि कुठल्यातरी दुकानात पावत्या फाडायच्या.

"बाबा, तोंड का उतरलंय?"

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. बायको भांडी विसळता विसळता दारात येऊन ऐकत होती.

"म्हणजे तीनशे बाक मुद्दाम मोडायचे?" ती म्हणाली. "मग त्यात तुम्हाला काय अवघड आहे? घरी बारा वर्षं तेच तर चाललंय."

हे बोलणं मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. पाचरचं टेबल हलायचं. ती दुसरीत गेली तेव्हा मिस्त्रींनी जुन्या फळ्या जोडून ते घाईत बनवलं होतं आणि म्हटलं होतं, "एक पाय जरा कमी पडलाय, उद्या बघतो." तो उद्या काही उजाडला नाही. दिवसभर दुनियेची टेबलं सरळ केल्यावर घरी येऊन पुन्हा हातात करवत धरायची म्हणजे अंगावर काटा यायचा. पाचरने कधी कुरकुर केली नाही. तिने आपली एक युक्ती शोधून काढली. टेबलाखाली पायांना जोडणारी आडवी पट्टी होती, तिला डावा गुडघा दाबून धरायचा आणि लिहायचं. बारा वर्षं ती तशीच लिहीत आली.

त्या दिवशी मिस्त्रींच्या मनात मात्र एक वेगळाच विचार आला आणि आल्याबरोबर त्यांना त्याची लाज वाटली. सगळे बाक हलणार असतील, तर आपल्या पोरीला सवय आहे. देवाने कुठून का होईना, खिडकी उघडली.

ती खिडकी आठवड्याभरात बंद झाली.

धोरणासोबत एक फॉर्म आला. काम करणाऱ्याचं कुणी नातेवाईक परीक्षेला बसणार आहे का? मिस्त्रींनी सरळ लिहिलं, होय, मुलगी. खोटं लिहायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. लगेच समिती हलली. मिस्त्रीची मुलगी म्हणजे वशिल्याची शंका, आणि शंका आली म्हणजे पाहणी आली. रविवारी सकाळी तिघंही मिस्त्रींच्या घरी हजर. बायकोने पदराने खुर्च्या पुसल्या. चौथी खुर्ची नव्हती म्हणून पाचर स्टुलावर बसली.

अध्यक्षीणबाईंनी सहज टेबलावर कोपर टेकलं, आणि टेबल टक्कन हललं.

आकडेमास्तर गुडघ्यावर बसले, खिशातून पट्टी काढली आणि टेबलाखाली वाकले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"चार मिलिमीटर," ते म्हणाले. "बरोबर चार."

"बाळ, तू रोज यावर लिहितेस?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. "लिहून दाखव बघू."

पाचरने गुडघा लावला आणि झरझर पानभर लिहून काढलं. बायकोने नुकताच टेबलावर आणून ठेवलेला पाण्याचा पेला काठोकाठ भरलेला होता, पण त्यातला थेंब सांडला नाही. बायकोचा ऊर भरून आला. तिला वाटलं, आता पोरीचं कौतुक होणार.

"बारा वर्षांचा अनुभव!" कुलसचिव हळहळले. "बाकीच्या मुलांना हलत्या टेबलाचा एका दिवसाचाही अनुभव नाही, आणि ही बारा वर्षं तयारी करतेय."

"हा तर विशेष लाभ झाला," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बिचारी बाकीची मुलं."

"लाभ?" मिस्त्री एकदम उसळले. "अहो बाई, टेबल मोडकं आहे!"

"तेच तर, मिस्त्री. तेच तर."

पाचर स्टुलावरून उठली. ती म्हणाली, "म्हणजे मोडकं टेबल हा माझा वशिला?"

कुलसचिव लिहून घेत होते. चार दिवसांनी पत्र आलं. सदर उमेदवाराला तीनशे नंबरचा, शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्यातला बाक देण्यात येईल, आणि तिचा विशेष लाभ रद्द व्हावा म्हणून तेवढा एकच बाक न कापता पक्का ठेवण्यात येईल.

पत्र वाचून मिस्त्री हसावं का रडावं या विचारात पडले. पक्का बाक मिळाला, म्हणजे चांगलंच झालं ना? पण ते पत्र सूचनाफलकावरही लागलं होतं. दुपारपर्यंत फाटकाशी पालकांची ही गर्दी! "मिस्त्रीच्या मुलीला पक्का बाक आणि आमच्या मुलांनी डुगडुगत लिहायचं?" "बाप आतला म्हटल्यावर काय!" त्याच गर्दीतून मिस्त्रींना मान खाली घालून जावं लागलं. एक गृहस्थ तर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "करवत ज्याच्या हातात, त्याची पोरगी पास." मिस्त्रींच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्यांनी कामाला हात घातला. आणि इथे खरी गंमत आहे, नीट ऐका. जे एक्केचाळीस बाक आधीच हलत होते, त्यातले काही दोन मिलिमीटर हलत होते, काही सात. सगळे चारच हलायला हवेत. तेव्हा आधी ते पक्के करायचे आणि मग कापायचे, असा हुकूम निघाला. कागदावर त्याला दुरुस्ती न म्हणता पूर्वतयारी म्हटलं. मिस्त्रींनी एका दिवसात एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बाकांचे पाय बदलून ते पक्के केले. संध्याकाळी पाच वाजता सभागृहात तीनशे बाक असे उभे होते, की एकही केसभर हलत नव्हता. मिस्त्रींनी समितीला हाताला धरून आणलं.

"बघा," ते म्हणाले. "झालं सगळं समान. आता हात लावू नका. पाया पडतो."

तिघांनी चारपाच बाक हलवून पाहिले. हलले नाहीत. अध्यक्षीणबाई क्षणभर थबकल्या, असं मिस्त्रींना वाटलं. मग कुलसचिव म्हणाले, "छान. पूर्वतयारी उत्तम झाली. उद्यापासून कापा."

दोनशे नव्याण्णव पाय त्यांनी कापले. प्रत्येक पायाची चार मिलिमीटरची चकती खाली पडायची, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. त्या चकत्याही फेकायच्या नव्हत्या. विद्यापीठाची मालमत्ता! मोजून एका खोक्यात भरल्या, खोक्याला लाखेचं सील ठोकलं आणि वर लिहिलं, समान संधी, नग दोनशे नव्याण्णव.

परीक्षेला दोन महिने होते. तेवढ्यात फाटकासमोर डगमग अभ्यासवर्ग उघडला. पंधरा दिवसांत त्याच्या तीन शाखा झाल्या. ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलांसाठी घरी सागवानी टेबलं करून घेतली, झकास पॉलिश केलेली, एक पाय चार मिलिमीटर आखूड, हमीपत्रासह. ज्यांना परवडत नव्हतं त्यांची मुलं आपल्या धडधाकट टेबलांकडे बघून उसासे टाकू लागली. दोनशेबारा त्यातलाच. त्याने घरच्या टेबलाखाली डबा ठेवून सराव करायचा प्रयत्न केला, तर टेबल आईच्या पायावर पडलं. त्याचीही ही शेवटचीच परीक्षा होती. तो पुन्हा तक्रार घेऊन समितीकडे गेला. समितीने त्याचं म्हणणं सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि तो फार बोलतो म्हणून त्याला मागच्या ओळीत, दोनशे नव्याण्णव नंबरवर टाकलं.

परीक्षेच्या सकाळी पाचरने वेणी घातली, दोन पेनं घेतली आणि आईच्या पाया पडली. चालता चालता बापाला म्हणाली, "बाबा, मी पास झाले तर लोक काय म्हणतील माहीत आहे ना?"

"म्हणू देत. तू लिही."

"आणि नापास झाले तर म्हणतील, पक्का बाक असूनही नापास." ती हसली आणि भराभर पुढे चालू लागली.

सभागृहात मिस्त्रींना ड्युटी होती. आणीबाणीचा सुतार म्हणून दाराशी उभं राहायचं, हातात करवत आणि खिशात पट्टी. समोरच्या मंचावर समिती बसली होती, आणि टेबलावर ते सीलबंद खोकं. घंटा झाली. तीनशे डोकी खाली झुकली आणि सगळं सभागृह टकटक, टकटक करायला लागलं. दोनशे नव्याण्णव बाक एकदम डुलत होते. वर्ग लावलेली पोरं ठेक्यात लिहीत होती. बाकीची एका हाताने फळी धरत होती, पेन निसटत होतं, कुणाची शाई कागदभर. दोनशेबाराच्या कपाळावरून घाम गळत होता.

कोपऱ्यात तीनशे नंबरचा बाक तेवढा शांत होता. आणि पाचर लिहीत नव्हती.

मिस्त्रींचा जीव टांगणीला लागला. लिही की गं! दहा मिनिटं गेली. तिने पेन खाली ठेवलं आणि हात वर केला.

"माझी तक्रार आहे," ती उभी राहून म्हणाली. "माझा बाक हलत नाही."

कुलसचिव मंचावरून धावत आले. "अगं, मग बरंच आहे ना!"

"सगळ्यांचे हलतात. माझाच का नाही? समान संधी असं पुस्तकात छापलंय. मला सगळ्यांसारखा बाक हवा. उद्या कुणी म्हणायला नको, बापाने पोरीला पक्क्या बाकावर बसवून पास केलं."

ती बसली नाही. सगळ्या माना मागे वळल्या. मागे वळलेल्या मानांचा वेळ फुकट जातोय, हे आकडेमास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी लगेच जाहीर केलं, की एकीचा वेळ गेला तर सगळ्यांचा गेला पाहिजे. पेनं खाली! तीनशे जण हाताची घडी घालून बसले आणि समितीची बैठक तिथेच, दोन ओळींच्या मधे, उभ्या उभ्या सुरू झाली.

"मिस्त्री, कापा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"नको," कुलसचिव म्हणाले. "करवतीचा भुसा हिच्या एकटीच्या अंगावर पडेल. मग भुसा सगळ्यांवर टाकावा लागेल."

मिस्त्री घसा खाकरून म्हणाले, "साहेब, कापायला नको. खोक्यातली एक चकती द्या. एका पायाखाली सरकवली की बाक बरोबर चार मिलिमीटर हलेल."

सील फोडलं. मिस्त्रींनी चकती घेतली आणि लेकीच्या बाकाशी वाकले. जन्मभर त्यांनी चकती घातली होती ती हलणारा बाक पक्का करायला. पक्का बाक हलता करायला चकती घालायची ही पहिलीच वेळ, आणि तीही पोटच्या पोरीच्या पायाशी. त्यांनी चकती सरकवली. बाक टक्कन हलला. पाचर म्हणाली, "थँक्यू, बाबा," आणि गुडघा लावून बसली.

तेवढ्यात शेजारून दोनशेबारा उठला.

"तिला चकती मिळाली," तो म्हणाला. "आम्हाला?"

सगळ्या सभागृहात कुजबूज उठली. खरंच की! एकीला चकती, दोनशे नव्याण्णवांना नाही! कुलसचिवांना घाम फुटला. त्यांनी आकडेमास्तरांकडे पाहिलं, आकडेमास्तरांनी अध्यक्षीणबाईंकडे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलंच होतं.

"द्या," त्या म्हणाल्या. "एकेक चकती सगळ्यांना द्या. भेदभाव नको."

मिस्त्री खोकं काखेत मारून एक नंबरपासून निघाले. वाकायचं, आखूड पाय उचलायचा, चकती सरकवायची, पुढे. तीन नंबर पक्का झाला, तीस झाला, शंभर झाला. पुढची पोरं फळ्या हलवून टकटक करत वाट बघत होती, मागची टकटक विझत चालली होती. समितीतल्या कुणाला काय चाललंय ते कळत होतं की नाही, मिस्त्रींनी विचारलं नाही. त्यांनी मान वर केलीच नाही, न जाणो कुणी थांबवलं तर! दोनशे अठ्ठ्याण्णव नंबरशी खोकं रिकामं झालं.

आता सभागृहात दोनच बाक हलत होते. दोनशेबाराचा आणि पाचरचा. दोनशेबाराने रिकाम्या खोक्यात डोकावून पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसला. "माझ्याच वेळी संपायचं होतं," तो म्हणाला. तेवढा उंच मुलगा, पण रडायच्या बेतात आला होता.

पाचर खाली वाकली. स्वतःच्या बाकाखालची चकती काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"घे."

"आणि तू?"

"माझा मुळात हलतच नाही."

मिस्त्रींनी ती चकती दोनशेबाराच्या बाकाखाली सरकवली, आणि सभागृह एकदम गप्प झालं. तीनशे बाक. एकही टक् नाही. मंचाजवळ अध्यक्षीणबाई कावऱ्याबावऱ्या होऊन हळूच म्हणाल्या, "अहो, हे हलत नाहीयेत."

"पण समान आहेत," कुलसचिवांनी घाईघाईने सांगितलं. "आणि दुरुस्तीही नाही. वाटप आहे."

गेलेला वेळ सगळ्यांना सारखा वाढवून मिळाला. पेनं उचलली. मिस्त्री दाराशी जाऊन उभे राहिले आणि लेकीकडे बघू लागले. तिने सवयीने डावा गुडघा उचलला, बाकाला लावला. जरा थांबली. मग गुडघा खाली घेतला, दोन्ही पाय सरळ जमिनीवर टेकले आणि लिहायला लागली. तीन तास तिने मान वर केली नाही.

निकाल लागला. पाचर नववी. दोनशेबारा अडतिसावा. फाटकाशी कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला जागाच नव्हती. मिस्त्रींनी यादीतल्या नवव्या नंबरवर बोट ठेवलं आणि ते उचलेचनात, शेवटी मागच्या माणसाने "झालं का काका?" म्हटल्यावर बाजूला झाले.

समितीचा अहवालही आला. समान डगमग धोरण पूर्ण यशस्वी, धोरणानंतर एकही बाक हलल्याची तक्रार नाही, सबब ते कायम करावं. दरवर्षी परीक्षेआधी बाकांचे पाय चार मिलिमीटर कापावेत आणि परीक्षेत चकत्या वाटाव्यात. आकडेमास्तरांनी हिशोब करून खाली टीप जोडली होती, की या गतीने पावणेदोनशे वर्षांनी उमेदवार जमिनीवर बसून लिहितील आणि तेव्हा संपूर्ण समानता येईल.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी वसतिगृहातच राहायचं असा नियम होता. पाचर ट्रंक घेऊन गेली त्या दुपारी घर एकदम मोठं वाटायला लागलं. बायको उगाच पुसलेली भांडी पुन्हा पुसत होती. मिस्त्री खिडकीखालच्या टेबलाशी उभे राहिले. त्यांनी वर हात टेकला. टक्.

ते आत गेले, हत्यारांची पिशवी आणली, एका तुकड्यातून चार मिलिमीटरची चकती कापली आणि टेबलाखाली शिरले. चकती बसवली, दोन बारीक खिळे ठोकले. उठणार, तेवढ्यात त्यांचा हात आडव्या पट्टीला लागला. पट्टीच्या मधोमध एक खळगा पडला होता, गुडघ्याएवढा. लाकूड तिथे झिजून काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. कुठल्याही रंध्याने, कुठल्याही काचपेपरने मिस्त्रींना इतकं गुळगुळीत लाकूड आजवर जमलं नव्हतं. ते त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

बायको दाराशी आली. "झालं का हो? किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं," मिस्त्री म्हणाले. टेबलाखालून बाहेर यायला मात्र त्यांना बराच वेळ लागला.